बाबांचा आध्यात्मिक वारसा आमच्यापाशी येऊन संपला का? एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

जय ख्रिस्त ताई,

तुमच्या प्रश्नातून मला काय कळलं ते आधी माझ्या शब्दात सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. तुमचे बाबा मागच्या महिन्यात प्रभूत निजले. एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलं. मंडळीत कधी पास्टरेट कमिटीवर (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीवर) नव्हते, संडे स्कूल घेतलं नाही, पुढे येऊन मोठ्याने प्रार्थना करा म्हटलं की मागच्या दाराने सटकायचे असं तुम्हीच लिहिलंय (वाचून हसू आलं, असा एक माणूस प्रत्येक मंडळीत असतोच). आता पुढच्या रविवारी स्मरणभक्ती आहे आणि पाळकसाहेबांनी तुम्हाला सांगितलंय की बाबांच्या आध्यात्मिक वारशावर दहा मिनिटं बोला. तुमची अडचण अशी की भाऊ लग्नानंतर चर्चला येतच नाही, तुम्ही पुण्याला नोकरीला लागल्यापासून नाताळ आणि गुड फ्रायडे एवढंच, आईचं गुडघ्यांमुळे जाणं बंद झालंय. मग वारसा घ्यायला कोणी उरलंच नाही तर मी उभी राहून खोटं बोलू का, असं विचारलंय. आणि वसईला कॅथलिक घरात दिलेल्या मावशी विचारतायत की तुम्ही मिस्सा (कॅथलिक चर्चमधली, गेलेल्या माणसाच्या नावाने अर्पण होणारी उपासना) का देत नाही, त्याचंही उत्तर तुम्हाला हवंय.

मी नगर आणि मराठवाड्याकडच्या मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून काम केलं, आता रिटायर आहे पण दफनविधीला आणि स्मरणभक्तीला अजून बोलावणं येतं. त्यामुळे जे बघितलंय त्यावरूनच सांगतो.

दहा मिनिटं काय बोलायचं हा छोटा प्रश्न आहे, तो शेवटी बघू. खरं दुखणं वेगळं आहे. बाबांचा विश्वास आमच्यापाशी येऊन विझला आणि तो आमच्यामुळे विझला असं तुम्हाला वाटतंय. हे मनात ठेवून भाषण लिहायला बसलात तर एक तर बाबांना संत करून टाकाल नाहीतर सगळ्यांसमोर स्वतःला झोडपून घ्याल, आणि दोन्ही वेळा मंडळी खाली मान घालून अवघडून बसते, हे मी पुढच्या खुर्चीत बसून पुष्कळदा पाहिलंय.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत ते आधीच सांगून टाकतो. मी तुमच्या बाबांना ओळखत नव्हतो. घरात ते कसे होते हे तुम्हाला आणि आईला माहीत. मी पुढे जे सांगणार आहे ते एका साध्या, सरळ, थोड्या अबोल माणसाला धरून आहे. ते घरात हात उचलणारे किंवा दारूत बुडालेले असते तर माझं उत्तर बदललं असतं, त्यावर खाली थोडं लिहितो. दुसरं म्हणजे आपली परंपरा. मावशींच्या चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात, २ नोव्हेंबरला सगळ्या मृत विश्वासणाऱ्यांचा दिवस पाळतात, कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात, कारण गेलेल्या माणसाला आपल्या प्रार्थनेची मदत होते अशी त्यांची श्रद्धा. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, मृताबद्दल देवाचे आभार मानतात आणि घरच्यांसाठी सांत्वन मागतात. मावशींशी यावरून वाद घालू नका. त्यांनी वसईत बाबांच्या नावाने मिस्सा दिली तर मनाला लावून घेऊ नका, वेळ असेल तर जाऊन बसा, त्या प्रेमाने करतायत.

आता मुद्द्यावर येतो. वारसा मोजायची आपल्याकडे एकच पट्टी झालीय, मुलं चर्चला जातात का. दफनविधीच्या वेळी जीवनपरिचय वाचतात तो आठवा. जन्म अमुक गावी, बाप्तिस्मा अमुक साली, नोकरी, बढती, रिटायरमेंट, मोठा मुलगा दुबईला, सून नर्स, धाकटी मुलगी बँकेत, सर्वजण प्रभूच्या कार्यात सहभागी. नोकरीचा बायोडेटा असतो तो, शेवटी फक्त एक वचन चिकटवलेलं. त्या पट्टीने मोजलं तर शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, मोठमोठी माणसं नापास होतात. शमुवेल घ्या, लहानपणापासून मंदिरात वाढलेला, देवाचा आवाज ऐकलेला, आणि त्याची दोन्ही मुलं योएल आणि अबीया न्यायाधीश होऊन लाच खायला लागली. हिज्कीया चांगला राजा, त्याचा मुलगा मनश्शे यरुशलेमेत मूर्ती उभारतो, मनश्शेचा मुलगा आमोन तसाच, आणि आमोनाच्या पोटी योशीया येतो जो सगळा देश परत देवाकडे वळवायला निघतो. त्या घराण्याचा हिशेब मनश्शेच्या काळात कोणी मांडला असता तर काय लिहिलं असतं? हिज्कीयाचा वारसा संपला, एवढंच ना?

मला स्वतःला यात सगळ्यात जास्त आधार हाबेलाचा वाटतो. शास्त्रात मेलेला पहिला माणूस. मूलबाळ असल्याचा उल्लेख नाही, भाषण नाही, त्याचं एक वाक्यसुद्धा उत्पत्तीच्या पुस्तकात नोंदलेलं नाही. एक अर्पण केलं, सख्ख्या भावाने मारलं, संपलं. आणि इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची जी यादी आहे तिच्यात पहिलं नाव त्याचं, आणि तो मेला असूनही अजून बोलतोय असं तिथे म्हटलंय. म्हणजे शास्त्राच्या हिशेबात वारसा चालायला वारस लागतोच असं नाही. आमच्याकडे अविवाहित मिशनरी बाया, लहान वयात गेलेली पोरं, मूल नसलेली जोडपी यांच्या दफनविधीला मी नेहमी हाच भाग वाचतो.

प्रकटीकरणात चौदाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे जी आपण शवपेटीसमोर वाचतो पण पुढे विचार करत नाही. प्रभूमध्ये मरणारे धन्य, आणि त्यांची कामं त्यांच्याबरोबर जातात. त्यांच्याबरोबर, ताई. म्हणजे बाबांनी जे केलं त्यातला काही भाग तुमच्याकडे ठेवलेलाच नाही, तो ते घेऊन गेलेत, त्याची मोजदाद तुम्ही करायची नाही आणि मंडळीनेही नाही. (कोणी म्हणेल पाळक कृत्यांनी तारण शिकवायला लागले, तसं नाही, तारण कृपेनेच, पण कृपेने तारलेल्या माणसाचं काम वाया जात नाही हे पौलानेच करिंथकरांना लिहिलंय.)

मग जो भाग इथे उरतो तो शोधायचा कुठे? माझ्या अनुभवात घरातल्या लोकांना तो सगळ्यात कमी दिसतो. घरच्यांनी माणसाला बनियनवर, चिडलेला, टीव्हीसमोर झोपलेला पाहिलेला असतो, आणि त्याने बाहेर काय केलं ते तो घरी येऊन सांगत नाही, विशेषतः तुमच्या बाबांसारखा अबोल माणूस. प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा आहे ना, दुर्कस, ती वारल्यावर पेत्र येतो तेव्हा खोलीत कोण उभं असतं? विधवा. आणि त्या रडत रडत तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवतात. कोणी तिची साक्ष सांगत नाही, कोणी तिचं पद सांगत नाही, अंगावरचे कपडे दाखवतात. माझ्या मते स्मरणभक्ती कशी असावी याचा शास्त्रातला नमुना तोच.

म्हणून मी कुठल्याही घरी गेलो की वारसा हा शब्दच काढत नाही, तो काढला की लोक छापील बोलायला लागतात. मी विचारतो, मयतीला असं कोण आलं होतं ज्याला तुम्ही ओळखत नव्हता? कोण येऊन कोपऱ्यात उभं राहिलं आणि चहा न घेता गेलं? पैशांची ओढाताण होती त्या वर्षी हे काय करायचे? कोणाशी भांडण झालं तर पहिलं बोलायला कोण जायचं? कोणती गोष्ट त्यांनी कधीच केली नाही, बाकी सगळे करत असताना? हा शेवटचा प्रश्न सरकारी नोकरीतल्या माणसाबद्दल फार कामाचा आहे. डेपोत पार्ट, डिझेल, टायर यांचे कसले कसले व्यवहार चालू शकतात ते तुम्हाला सांगायला नको, आणि त्यात एखादा माणूस वर्षानुवर्षं हात न लावता राहिला तर ते त्याच्या कामावरच्या जोडीदारांना पक्कं माहीत असतं, मुलांना माहीत नसतं, बायकोला तर कधी कधी त्याचा रागच आलेला असतो.

एका तालुक्याच्या गावी चर्चची झाडलोट करणारी एक म्हातारी वारली. सुनेने सांगितलं, सासूबाई साध्या होत्या, विशेष काही नाही. मयतीला सरकारी दवाखान्यातल्या तीन-चार आया आल्या, हिंदू, मुसलमान, सगळ्या. चौकशी केली तर कळलं की ही बाई दर रविवारी उपासना झाली की बाळंतिणींच्या वॉर्डात जायची आणि ज्या पोरीला मुलगी झाली म्हणून सासरचं कोणी भेटायला आलेलं नाही तिच्याजवळ बसायची, घरून शिरा करून न्यायची. सुनेला वाटायचं शिरा चर्चच्या कार्यक्रमाला चाललाय. हे त्या म्हातारीने सांगितलं का नाही याचं उत्तर मला मत्तयच्या सहाव्या अध्यायात मिळतं, डाव्या हाताला कळू देऊ नका म्हटलंय तिथे. पण त्यामुळे अडचण अशी होते की जो माणूस हे वचन खरोखर पाळतो त्याच्या मुलांना स्मरणभक्तीत बोलायला काहीच सापडत नाही.

तुमच्या बाबांच्या धंद्यातलंच उदाहरण घ्यायचं तर वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन निघालेली गाडी पुढे कुठल्या गावाला गेली, कोणाला लग्नाला नेलं, कोणाला दवाखान्यात पोचवलं, हे मेकॅनिकला कधी कळत नाही. त्याच्या मुलीला तर नाहीच.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर मुलं चर्चला येत नाहीत यावरून बाबांचा निकाल लावू नका, आणि शोधायचं तर घराबाहेरच्या माणसांना विचारा.

आता काळाबद्दल. तुम्ही एका महिन्यात हिशेब मागताय, हे फार लवकर होतंय. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच घरातलं आहे, कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर फुटलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळंओवळं पाळत, मनात संताप आणि दुःख घेऊन. त्या वर्षांत कोणी टिळकांना विचारलं असतं की तुमच्या विश्वासाचा वारस कोण, तर बायकोकडे बोट दाखवायची हिंमत त्यांनाही झाली नसती. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, हळूहळू स्वतःच्या बुद्धीने पटलं तसं पटलं, १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. ख्रिस्तायन हे मोठं काव्य त्यांनी हातात घेतलं होतं, सुरुवातीचे अध्याय झाले होते आणि बाकी तसंच राहिलं. ते पुढे बहुतेक सगळं लिहिलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली तिने! आणि १९३६ साली त्या गेल्या, काव्य पुस्तकरूपाने आलं १९३८ मध्ये. बाप्तिस्म्यापासून धरलं तर चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि ते पूर्ण झालेलं बघायला दोघांपैकी कोणीही नव्हतं.

लक्ष्मीबाईंची दुसरी गोष्ट तुमच्या भाषणाला थेट उपयोगी आहे. स्मृतिचित्रे हे त्यांचं आत्मचरित्र तुम्ही शाळेत धड्यात तरी वाचलं असेल. १९३४ ते ३६ मध्ये ते भाग भागाने आलं. त्यात टिळकांचा राग आहे, लहर आहे, घरात पैसा टिकू न देणारा स्वभाव आहे, न सांगता निघून जाणं आहे, आणि बाईंनी ते हसत हसत सांगितलंय. कुठेही नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. आणि तरी वाचून झाल्यावर त्या माणसाच्या भक्तीबद्दल कोणाला शंका राहत नाही. गौरवग्रंथ काढून जे झालं नसतं ते या खरं बोलण्याने झालं असं माझं ठाम मत आहे. तेव्हा बाबा मोठ्याने प्रार्थना करायला लाजून सटकायचे हे तुम्ही स्मरणभक्तीत जरूर सांगा, लोक हसतील, हसू द्या.

आणखी एक उदाहरण देतो कारण ते नगरचं आहे आणि आमच्याच लोकांना नीट माहीत नसतं. मिस सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मराठी मिशनच्या बाई १८२७ साली मुंबईत उतरल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, १८३९ पासून नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. लग्न केलं नाही. मंडळीत किती माणसं आणली या मिशनच्या पट्टीने त्यांचं काम भव्य वगैरे काही नव्हतं, मुली यायच्या, लग्न झालं की शाळा सुटायची. पण नगरची ती मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला जाऊन १८४८ साली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे शिक्षिकेचं शिक्षण घेतलं असं सांगतात. जोतिराव-सावित्रीबाई काही ख्रिस्ती झाले नाहीत. मग हा फरारबाईंचा आध्यात्मिक वारसा धरायचा की नाही? मी धरतो. ज्या प्रार्थनेने त्या सकाळी उठून त्या पोरींना ग म भ न शिकवायला बसायच्या त्याच प्रार्थनेचं ते फळ आहे, ते कुठल्या अंगणात पडलं यावर आपला हक्क नाही. माझ्या काही पाळक मित्रांना हे पटत नाही, ते म्हणतात याला सामाजिक कार्य म्हणा, आध्यात्मिक म्हणू नका. म्हणोत. टबीथाने शिवलेल्या अंगरख्याला तुम्ही यातलं काय म्हणणार असं मी त्यांना विचारतो.

आणि पंडिता रमाबाई. निराधार बायका-मुलींसाठी त्यांनी काढलेल्या मुक्ती मिशनचं काम पुढे त्यांची मुलगी मनोरमा सांभाळेल असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ती एकुलती एक मुलगी १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. याच्यावर जास्त बोलत नाही, तुम्हाला समजलं असेल.

आता ती कडू बाजू. सगळेच वारसे चांगले नसतात आणि पाळकाने तसं ढोंग करू नये. मिशन कंपाउंडच्या जागेवरून कोर्टकचेऱ्या करण्यात ज्यांचं अख्खं आयुष्य गेलं अशा वडीलधाऱ्यांच्या दफनविधीला मी उभा राहिलोय, तीन-तीन बिशप, हारांचा ढीग, आणि मुलं शवपेटीपासून लांब उभी. घरात मारहाण करणारा आणि रविवारी पहिल्या बाकावर बसून उंच स्वरात गाणारा माणूसही पाहिलाय. अशा वेळी मी घरच्यांना सांगतो की खोटं बोलू नका आणि चव्हाट्यावर धुणंही धुऊ नका, थोडं बोला, वचन वाचा, देवाच्या दयेवर सोडा. अशा बापाच्या मुलांनी चर्च सोडलं असेल तर त्यांच्या सोडण्यातही कधी कधी प्रामाणिकपणा असतो. तुमच्या लिहिण्यावरून तुमच्याकडे असं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे असेल म्हणून लिहिलं.

तुमच्या भावाची मुलगी आजोबांबरोबर झोपायच्या आधी प्रार्थना म्हणायची आणि अजून म्हणते असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. आजी लोईस, आई युनीके आणि मग तीमथ्य, पौलाने ही साखळी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मुद्दाम नोंदवलीय, आणि बाप ग्रीक होता, त्याच्या विश्वासाबद्दल अवाक्षर नाही. पण एक विनंती, त्या पोरीला रविवारी स्टेजवर उभं करून प्रार्थना म्हणायला लावू नका. आजकाल ही पद्धत पडलीय, लोक मोबाईल काढून शूटिंग करतात, व्हॉट्सॲप स्टेटसला टाकतात, आणि जी गोष्ट आजोबा आणि नात यांच्यात अंधारात चालायची तिचा कार्यक्रम होतो. मूल लाजून ती म्हणायचंच बंद करतं. तिला तिच्या पद्धतीने म्हणू दे.

बाबांच्या वस्तूंबद्दल विचारलंय. त्यांचं बायबल शवपेटीत ठेवलं नाहीत हे बरं केलंत, काही घरांत ठेवतात, मला ते पटत नाही, ज्याला आता वाचायची गरज नाही त्याच्याबरोबर पुस्तक पुरायचं कशाला. ते बायबल घेऊन एक संध्याकाळ निवांत बसा. अबोल माणसाचं बोलणं तिथे असतं. कुठे खूण केलीय, कोणतं पान बोटांनी मळलंय, आत एसटीच्या ड्युटीचा कागद, तुमचा दहावीचा रोल नंबर, कोणाच्या आजारपणाची चिठ्ठी असं काहीतरी निघतंच. ज्या पानात तुमचा रोल नंबर निघेल ते पान आधी वाचा. आणि नंतर ते शोकेसमध्ये ठेवू नका, कोणीतरी वापरा, फाटलं तर फाटलं.

स्मरणार्थ काही द्यायचं म्हणताय. आमच्या चर्चमध्ये मान वर केली की पंख्यावर नाव, मान खाली केली की बाकावर नाव, उपदेश कंटाळवाणा असला की पोरं पंख्यावरच्या नावांचे फेरे मोजतात. द्यायचं तर द्या, मंडळीला पंखे लागतातच. पण बाबांच्या ओळखीच्या डेपोतल्या एखाद्या हेल्परच्या पोराची वर्षाची फी भरली आणि कुठेही नाव लिहिलं नाही तर ते त्यांच्या स्वभावाला जास्त धरून होईल असं मला वाटतं. पैसे किती आणि कुठे हे तुमच्या ऐपतीवर, कर्ज काढून स्मारक करू नका, जेवणावळीही आवरती घ्या.

तुमच्या स्वतःबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, पाळकाच्या तोंडी विचित्र वाटेल. "आजपासून मी दर रविवारी चर्चला येईन" असं त्या दिवशी माइकवर बोलू नका. दुःखात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, मेलेल्या बापाची साक्ष काढून दिलेलं वचन माणूस दोन-तीन महिने पाळतो, मग एक रविवार चुकतो, मग लाज वाटते आणि मग तो कायमचाच येईनासा होतो. मला हे फार वेळा दिसलंय आणि त्यातून मंडळीत परत आलेली माणसं कमी दिसली. यायचं मनात आलं तर न सांगता एखाद्या साध्या रविवारी या, मागे बसा, बाबा बसायचे तिथे. पुण्यात चर्च काही कमी नाहीत. नाही आलात तरी बाबांचं जे होतं ते तेवढ्याने पुसलं जाणार नाही, पण तुमच्या वाट्याचं तुम्हाला मिळायचं राहून जाईल, आणि ते राहू नये असं मला वाटतं, एवढं मी लपवत नाही.

राहिलं भाषण. दहा मिनिटं लांब आहेत, सहा-सात पुरे. या आठवड्यात डेपोत एक चक्कर मारा, बाबांच्या रिटायर झालेल्या कामावरच्या जोडीदारांपैकी दोघा-तिघांना भेटा, फोनवर नको, समोर बसून चहा घेताना माणूस बोलतो. वर दिलेलेच प्रश्न विचारा, मयतीला आलेले अनोळखी चेहरे कोणाचे होते ते आईला विचारा. जे मिळेल त्यातल्या दोन घटना घ्या, दोनच, आणि नाव-गाव न घेता सांगा, कारण ज्याला मदत झाली तो समोर बसलेला असू शकतो. सटकायची गोष्ट सुरुवातीला सांगा. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये नऊमधला टबीथाचा भाग वाचा, छत्तीस ते एकोणचाळीस ओव्या बास, त्यावर उपदेश करू नका, तो पाळकसाहेबांचा भाग आहे. "बाबा आदर्श ख्रिस्ती होते" हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका, ते प्रत्येकाबद्दल म्हणतात. काहीच नवीन सापडलं नाही तर तसंही सांगा की मी शोधलं, थोडं मिळालं, बाकी देवाला माहीत, आणि देवाचे आभार मानून खाली बसा.

भावाला बोलायचा आग्रह करू नका, पण डेपोत जाताना त्याला बरोबर न्या. तो चर्चला येणार नाही, डेपोत येईल.

आणि बाबा काम करताना कोणतं गीत गुणगुणायचे ते आईला आजच विचारून उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातला नंबर कॉयरला कळवून टाका, लोक हे शनिवारी रात्री कळवतात आणि मग पेटीवाल्याला चाल बसवायला वेळच मिळत नाही, सगळी मंडळी दोन वेगवेगळ्या चालींत गाते.